वाघाटीवरच्या पांढऱ्या

तेलगावहून सिरसाळ्याकडे जाणारी गाडीवाट जिथे ओढा ओलांडते, तिथून वरच्या अंगाला मेंढरं राखणाऱ्या आसारामाची वस्ती होती. आसाराम मानमोडीच्या साथीत गेला. त्या वर्षी निजामाच्या मुलखात गावंच्या गावं खोकत होती. मेल्या माणसामागे रडायला कुणी उरलं नाही अशीही घरं होती. त्या मानाने बायनाबाईवर देवाने दया केली असंच म्हणायचं. कपाळाचं कुंकू गेलं, पण मुलगा हरिबा राहिला, मेंढरं राहिली, ओढ्याकडेचं रान राहिलं आणि रानातली विहीर राहिली.

मोटेचं पाणी जिथे पडतं त्या थारोळ्याशी एक जुनी बाभळ होती, आणि बाभळीवर चढलेली वाघाटी. वाघनखासारखे मागे वळलेले काटे, उन्हाळ्यात पांढरी फुलं, आणि मृगाच्या सुमाराला लिंबाएवढी हिरवी फळं. आषाढीचा उपास द्वादशीला सोडताना पानात वाघाट्याची भाजी लागते. आसपासच्या गावांत फळ धरणारी वाघाटी फार थोडी. त्यामुळे एकादशीच्या दुपारपासून बायनाबाईच्या विहिरीवर बायकांची रीघ लागायची. ती कुणाकडून काही घेत नसे. पाटलिणीपासून दाईपर्यंत जिने पदर पसरला तिच्या पदरात मूठभर वाघाटी टाकायची. रांडाव बाईला हळदीकुंकवाला कोण बोलावतं? वर्षातून हा एकच दिवस असा, की साऱ्या सवाष्णी आपण होऊन तिच्या दारी यायच्या, आणि तिच्या हातचं घेतल्याशिवाय कुणाचा उपास सुटत नव्हता. तो दिवस ती वर्षभर मनात जपून ठेवायची.

थारोळ्याच्या पलीकडे शेंदूर फासलेले सात दगड होते. त्या साती आसरा. पाण्यातल्या देवता त्या. प्रसन्न झाल्या तर लेकरू देतात, कोपल्या तर ओटी रिकामी करतात, असं बायनाबाईच्या सासूने तिला सांगितलं होतं. दर मंगळवारी ती दगडांना दहीभात ठेवायची, स्वतः कुंकू लावत नसली तरी त्यांना लावायची.

आणि पाऊसपाण्याच्या दिवसांत तिथे पांढऱ्या यायच्या.

पांढऱ्या म्हणजे पांढरी पाखरं, फुलपाखरं. हे नाव बायनाबाईचंच. मोटेच्या पाण्याने भिजलेल्या चिखलावर ती थव्याने बसत, पंख मिटून, सोंड ओल्या मातीत लावून. कुणी जवळ गेलं की सारा थवा एकदम उठे आणि पुन्हा तिथेच बसे. काही जणी वाघाटीभोवती फिरत. पानावर क्षणभर टेकत, पोटाचं टोक वाकवत, पुढच्या पानावर जात. पंख शुभ्र, कडेला काजळाची रेघ ओढल्यासारखा काळा काठ, आणि पंख मिटले की खालून हळदीची झाक. काजळ आणि हळद. बायनाबाईने मनाशी ठरवून टाकलं होतं, की या आसराच आहेत. सवाष्णींच्या रूपाने विहिरीवर उतरतात. गावातल्या बायका हसायच्या. तिला त्याचं काही नव्हतं. पांढऱ्या आल्या की ती चिखलाच्या कडेला चिमूटभर हळद टाकायची, हात जोडायची, आणि मोट हाकणाऱ्या हरिबाला सांगायची, बैल जरा लांबून वळव.

त्याच दिवसांत वाघाटीवर अळ्या पडत. हिरव्या, काळ्या डोक्याच्या, एका पानावर ओळीने पंगतीला बसल्यासारख्या. एक पान संपवलं की सगळी पंगत दुसऱ्या पानावर. पाला गेला की फळ पोसत नाही, सुकून गळतं. म्हणून बायनाबाई सकाळी सूप धरून काठीने वेल झोडायची. सुपात पडलेल्या अळ्या राखेच्या पाण्यात टाकायची. उरल्या त्या कोंबड्यांपुढे. किती वर्षं हे चाललं होतं. एका हाताने हळद टाकायची आणि दुसऱ्या हाताने सूप धरायचं. या दोन हातांचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

घरात सून होती अंजना, केजकडची. आई लहानपणीच गेलेली, बाप दुसऱ्याच्या शेतावर राबणारा. मुकाट पोर. मेंढीचं पिल्लू अडलं तर हात घालून सोडवणारी, पण माणसांत तोंड न उघडणारी. तिचं पहिलं लेकरू पाचवीची पूजा होण्याआधीच गेलं. दुसरं मेलेलंच आलं. दुसऱ्या वेळी बायनाबाईच्या मनात आलं, की ही दिवस असताना तिन्हीसांजेला विहिरीवर घागर घेऊन गेली होती. आसरांच्या अंगावरून गेली. म्हणून हे झालं. मनात आलं ते तोंडात आलं. तोंडात आलं ते गावात गेलं. तेव्हापासून अंजनाला विहिरीवर जायची बंदी झाली. पाणी बायनाबाई स्वतः शेंदायची, कंबर धरून, कण्हत. आसरांच्या दगडांकडे तर सुनेची सावलीही पडू द्यायची नाही. अंजना उंबऱ्यात उभी राहून सासूच्या डोक्यावरची घागर उतरून घ्यायची. एकदाच ती म्हणाली होती, "आत्याबाई, मी त्या दिवशी विहिरीवर गेलेच न्हवते. घागर तुमीच आनली व्हती." बायनाबाईने ते ऐकलं होतं. पण मानलं नव्हतं.

बायनाबाईचा भाऊ आश्रुबा सिरसाळ्याला राहायचा. त्याने हरिबासाठी दुसरी सोयरीक बघून ठेवली होती. बायनाबाईनेच त्याला तसं सांगितलं होतं. अंजनाला तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा ठरलं, की हे एक लेकरू बघायचं. जगलं तर ठीक. नाही तर श्रावणात सुपारी फोडायची, आणि अंजनाला केजला बापाकडे धाडायचं. हे बोलणं ओसरीवर झालं. आत अंजना भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज मध्येच थांबला नाही, हे बायनाबाईच्या ध्यानात राहिलं.

त्या सालच्या ज्येष्ठात एका मंगळवारी बायनाबाई दहीभात घेऊन दगडांकडे गेली. मधल्या दगडाला, शेंदराच्या जरा वर, काहीतरी चिकटलेलं होतं. बारीक, टोकदार, काळे ठिपके असलेलं, कमरेला धागा बांधून टेकवल्यासारखं. वेलीवर असतं तर तिने नखाने उडवलं असतं. असे कितीतरी तिने उडवले होते. पण आसरांच्या अंगावरचं ती कसं काढणार? तिने दुसऱ्या बाजूने कुंकू लावलं आणि ते तसंच राहू दिलं.

पुढच्या मंगळवारी ती गेली तेव्हा ते कवच पातळ झालं होतं, आणि आत काहीतरी पांढरं दिसत होतं. त्याला काळा काठ. बायनाबाई वाकून बघत राहिली. हातातला दहीभात हातातच. कवच वरून उकललं. ओलं, चुरगळलेलं, कुठल्याच घाटात नसलेलं काहीतरी बाहेर आलं आणि दगडाला धरून लटकलं. हळूहळू त्याचे पंख सुटू लागले, बाळंतिणीच्या बाजेजवळ वाळत घातलेलं धुडकं वाऱ्यावर उलगडावं तसे. खाली एक तांबूस थेंब पडला. दगड भिजला. मग पंख पुरते ताठ झाले. शुभ्र, काजळाच्या काठाचे, खालून हळदीचे.

पांढरी होती ती.

बायनाबाईने हातातला दहीभात खाली ठेवला. ते कवच कशाचं, हे तिला ठाऊक होतं. पाला खाऊन माजलेल्या अळ्या शेवटी वेलीच्या देठाला असंच कवच करून बसायच्या, हे तिने दरसाल बघितलं होतं. पुढे त्यांचं काय होतं हे बघायची वेळ तिने कधी येऊ दिली नव्हती. पोटाचं टोक वाकवून पानावर पांढऱ्या काय ठेवून जात होत्या, ते आता कळलं. हात जोडून जिला बोलावलं, तिचीच लेकरं राखेच्या पाण्यात बुडवली. एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही. सासूनंतर सूप तिच्या हातात आलं तेव्हापासून.

आणि बोट मात्र अंजनाकडे दाखवलं.

ती घरी आली. सूप धुऊन आढ्याला टांगलं. राखेचं गाडगं उकिरड्यावर पालथं घातलं. अंजनाने विचारलं, आज वेल झोडायची नाही का. बायनाबाई म्हणाली, न्हाई. रात्री देवापुढे दिवा लावून तिने शब्द दिला, की यंदा वाघाटीवरच्या एकाही जिवाला हात लावणार नाही, लावू देणार नाही; त्या बदल्यात सुनेचं लेकरू जगू दे. देवाशी असं बोलू नये हे तिला कळत होतं. पण जिने उभ्या जन्मात देवाकडे स्वतःसाठी काही मागितलं नाही, तिला मागायची रीतही कुठे माहीत असते?

दगडावरची पांढरी उडून गेली. मागून आणखी आल्या, वेलीभोवती फिरल्या. कोवळ्या पानांवर पिवळसर अंड्यांचे झुबके उभे राहिले, ज्वारीच्या कणीपेक्षा बारीक. मग अळ्या. बायनाबाई रोज सकाळी जाऊन बघायची. बारक्या अळ्या आधी आपल्याच अंड्याचं टरफल खातात, मग पान. पंगत कधी मोडत नाहीत. अंग वाढलं की कात टाकतात. हे सारं ती आता शेजारणीच्या घरातल्या गोष्टी सांगाव्यात तशी अंजनाला सांगू लागली. अंजना ऐकून घ्यायची. सासूला काय झालंय तिला कळेना, पण सासू तिच्याशी बोलत होती. एवढं तिला पुरत होतं.

वाघाटी उघडी पडली. पाला गेला, काटे राहिले. फळं सुपारीएवढी होऊन सुकली आणि बाभळीखाली गळली.

एकादशीच्या दुपारी बायका आल्या आणि मोकळ्या पदराने परत गेल्या. पाटलीण छबुबाई स्वतः आली. अलीकडची काही वर्षं तिचा गडी यायचा. यंदा खबर ऐकून ती गाडी जुंपून आली. वेलीकडे बघून म्हणाली, "बायना, गावाचं पारणं तुझ्या वेलीवर. अन् तू किड्यांची पंगत घातलीस?"

बायनाबाई म्हणाली, यंदा फळ धरलं नाही.

"धरलं न्हाई का धरू दिलं न्हाई? माझ्या गड्यानं बघितलंय. तू वेलीपाशी बसून पाखरं हाकलत व्हतीस. अळ्या खाईत व्हती म्हणून." छबुबाईने पदर सावरला. "रांडाव बाईला गावानं मान दिला, तो तुला जड झाला जनू."

ते बायनाबाईच्या वर्मी लागलं. द्वादशीला तिने तुळशीचं पान तोंडात टाकून उपास सोडला. अंगणात दिवसभर कुणी आलं नाही.

छबुबाईचा गडी खोटं बोलला नव्हता. बायनाबाई खरंच वेलीपाशी बसायची. कारण अळ्या कमी होऊ लागल्या होत्या. ती मारत नव्हती, तरी. साळुंक्या येऊन उचलायच्या. गांधीलमाशी एकेका अळीचा चावून गोळा करून घेऊन जायची. तिने साळुंक्या हाकलल्या. मुंग्या वेलीवर चढू नयेत म्हणून लांबवर पीठ टाकलं. मुंग्यांनी पीठही नेलं आणि अळ्याही नेल्या. एका रात्रीच्या पावसाने कितीतरी खाली पडल्या आणि चिखलात बुडून मेल्या. एका पानावरच्या धडधाकट अळ्या खाईनाशा झाल्या; जागेवर बसून राहिल्या; मग त्यांच्याच अंगातून तांदळाच्या दाण्यासारखे बारीक किडे बाहेर आले आणि अळ्या वाळून गेल्या. बायनाबाईला ते बघवेना. त्यांचं पान तिने तोडून टाकलं नाही, दिलेला शब्द होता. पण पाठ फिरवून ती बराच वेळ तशीच उभी राहिली.

कवच धरून बसल्या त्या अगदी थोड्या. त्यातलीही काही कवचं काळी पडली. उडाल्या त्या हाताच्या बोटांवर मोजाव्यात एवढ्या.

सरत्या आषाढात अंजना अडली. दगडाबाई दाई दिवसभर बसून होती. मुलगी झाली. रडली. बायनाबाईने तिला मांडीवर घेतलं, तिच्या मुठी उघडून बघितल्या, आणि मनात म्हणाली, देवाने शब्द ऐकला. पोर दूध ओढत नव्हतं. दगडाबाईने मध चाटवला, आईचं दूध कापसाने तोंडात पिळलं. पाचवीच्या पूजेचं सामान हरिबा तेलगावहून घेऊन आला तेव्हा पोर अंजनाच्या कुशीत गार होऊन पडलं होतं, आणि अंजना तिला हलवून जागं करत होती.

बायनाबाईच्या मनात पहिलं काय आलं असेल? माणसाचं मन हटकून जुन्या वाटेने जातं. हिने काय केलं, हे मनात यायला निघालंच होतं. पण तिला वेल दिसली. तिने तर काहीच केलं नव्हतं. एकीलाही हात लावला नव्हता. राखण केली होती, गावाचा बोल घेतला होता, द्वादशीचा मान घालवला होता. तरी पानं भरून अंडी घालणाऱ्या आईच्या पदरी किती पडल्या? आणि त्या आईने कुठे तिन्हीसांजेला कुणाला ओलांडलं होतं?

ती अंजनाजवळ बसली. पोर तिच्या हातून घ्यायची घाई केली नाही.

श्रावणात आश्रुबा आला. कोपरी, रुमाल, पायांत नवे जोडे. ओसरीवर बसला, पाणी प्याला, आणि दुखवट्याचे दोन शब्द बोलून विषयावर आला. मुलीकडची माणसं खोळंबलीत. पुढच्या बाजारी सुपारी फोडू. केजला निरोप धाडलाय, अंजनाचा बाप गाडी घेऊन येईल. मग हरिबाकडे वळून म्हणाला, "काय बे, तुला काय म्हनायचं हाय का?" हरिबा खाली बघून मेंढराच्या लोकरीचा दोर वळत राहिला.

आत अंजना भाकरी थापत होती. या वेळी आवाज थांबला.

"आश्रुबा, सोयरीक राहू दे," बायनाबाई म्हणाली.

"अक्का, तूच म्हनली व्हतीस म्हणून म्या लोकांच्या दारात गेलो."

"म्हनले व्हते. न बघता म्हनले व्हते."

आश्रुबाला काही उमजेना. तीन लेकरं गेली, आसरांचा कोप आहे हे तिनेच साऱ्या मुलखाला सांगितलं, आणि आता ती उलटी बोलते. बायनाबाईने त्याला मग सगळं सांगितलं. सूप, राखेचं पाणी, दगडावरचं कवच, साळुंक्या, मुंग्या, पाऊस. सांगताना ती अडखळत होती. आयुष्यात इतकं एका दमात ती कधी बोलली नव्हती. आश्रुबा आधी ऐकत राहिला, मग हसला.

"किड्याची अन् मानसाची गोष्ट एक हाय काय?"

"न्हाई," बायनाबाई म्हणाली. "पर किड्याच्या आईला कुनी घराबाहीर काढीत न्हाई. लेकरं मारली ती म्या. तिनं न्हाई. कोपायचं तर आसरांनी माझ्यावर कोपावं. अन् कुनाचा कोपबी नसंल. लेकरं मरत्यात, आश्रुबा. काई केलं नसलं तरी मरत्यात."

बाहेर मेंढरं दाव्याला हिसके देत होती. आश्रुबाने रुमाल काढून पुन्हा बांधला. शेवटी तो म्हणाला, की लोकांना मी काय तोंड दाखवू, आणि हरिबाचा वंश कोण चालवणार. तेव्हा हरिबाने दोर बाजूला ठेवला आणि उठला.

"मामा, भाकरी झाल्यात. हातपाय धुऊन घ्या."

आश्रुबा जेवला, पण त्याने नंतर पुष्कळ दिवस बहिणीच्या घरी पाऊल ठेवलं नाही. अंजनाचा बाप गाडी घेऊन आला. त्याला लेकीच्या हातचं पाणी मिळालं आणि तो रिकामी गाडी घेऊन केजला परत गेला.

पुढच्या मंगळवारी बायनाबाई उठली, दहीभात कालवला, आणि घागर कमरेवर घेण्याऐवजी उंबऱ्यात ठेवली. दोराचं वेटोळं तिने घागरीवर ठेवलं. अंजनाने बघितलं. ती जागची हलेना. इतकी वर्षं जिथे सावली पडू दिली नाही, तिथे पाऊल उचलायचं कसं?

"चल," बायनाबाई म्हणाली. "माझी कंबर मोडली पानी शेंदून."

दोघी विहिरीवर गेल्या. वाघाटीला नवी पालवी फुटली होती; तांबूस, लवलवती. थारोळ्यापाशी चिखलावर थोड्याशाच पांढऱ्या बसल्या होत्या. दगडांपाशी बायनाबाईने कुंकवाची कुयरी सुनेच्या हातात दिली. अंजनाने एकेका दगडाला बोट टेकवलं. मधल्या दगडाशी ती थबकली. तिथे रिकामं, पांढुरकं कवच अजून चिकटलेलं होतं, कमरेचा धागाही तसाच. तिने सासूकडे बघितलं.

"राहू दे," बायनाबाई म्हणाली.

अंजनाने जरा बाजूला कुंकू लावलं. मग ती विहिरीच्या काठाशी गेली, घागर आत सोडली, आणि दोर हातातून सुटू लागला तसा तिला इतक्या दिवसांचं रडू आलं. बायनाबाई तिच्या मागे जाऊन उभी राहिली. दोराचं दुसरं टोक तिने आपल्या हातात धरलं.

अंजनाला पुढे कितीतरी वर्षांनी एक मुलगी झाली आणि ती जगली. पण त्या मंगळवारी हे दोघींपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. वाघाटीचं म्हणाल तर बायनाबाईने वेलीचं एक अंग पांढऱ्यांना सोडून दिलं आणि दुसऱ्या अंगावरच्या अळ्या हाताने उचलून त्या अंगावर नेऊन ठेवू लागली. काट्यांनी तिची बोटं फाटायची. फळ पूर्वीच्या निम्मं यायचं. द्वादशीसाठी पदर पसरणाऱ्या बायकांना मूठभर मिळायची तिथे एक-दोन मिळू लागली. छबुबाईनेही, दोन वर्षं गडी न धाडता काढल्यावर, तिसऱ्या वर्षी धाडला. बायनाबाई त्याला म्हणाली, पाटलीणबाईला सांग, थोडी हायत, पर गोड मानून घ्यावी.

ती गेली तेव्हा दिवस पावसाळ्याचेच होते. सूप आढ्याला टांगलेलं होतं तसंच होतं, त्याला जाळी धरली होती. अंजनाने ते काढलं नाही.